शाई हवी तिथेच कशी लागते? स्काउट पथकासाठी छपाईचे विज्ञान

छपाईची कोणतीही पद्धत घ्या, तिच्यापुढे प्रश्न एकच असतो: शाई हवी तिथे लागावी आणि नको तिथे लागू नये, हे साधायचे कसे? या प्रश्नाची माणसाने शोधलेली उत्तरे मात्र एकमेकांपासून फार वेगळी आहेत. कुठे उंचसखलपणाने काम भागवले, कुठे तेल आणि पाणी यांच्या वैराने, कुठे बारीक छिद्रांनी, तर कुठे विद्युतभाराने. आणि प्रत्येक उत्तरामागे भौतिकशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा एकेक नियम उभा आहे. हे नियम शाळकरी मुलांना फळ्यावर सांगता येतात, पण ते हाताला समजले पाहिजेत. त्यासाठी स्काउट पथकाइतके योग्य ठिकाण दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण स्काउटिंगमध्ये एखादी विद्या येते असे म्हणायचे तर ती करून दाखवावी लागते.

हा विचार नवा नाही. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेतील बॉय स्काउट्स संस्थेने मुलांसाठी जी पहिली ५७ प्रावीण्य पदके ठरवली त्यांत मुद्रणाचे पदक होते. तेथे आज ‘ग्राफिक आर्ट्स’ या नावाचे पदक असून त्यासाठी मुलाला छपाईच्या निरनिराळ्या पद्धती समजावून सांगाव्या लागतात आणि एक छापील वस्तू स्वतः आखून तयार करावी लागते. आपल्याकडे १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्स संस्थेत प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतची वाट हातांनी केलेल्या कामातूनच जाते. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावात मोंढ्याजवळ किंवा बसस्थानकामागे लग्नपत्रिका, बिलबुके आणि पावतीपुस्तके छापणारा एखादा लहान छापखाना बहुधा असतोच; पथकाला आणखी वेगळी प्रयोगशाळा शोधावी लागत नाही.

सुरुवात उठाव छपाईपासून करावी. लिनोलियमच्या, म्हणजे सहज कोरता येणाऱ्या मऊ फरशी-आच्छादनाच्या, तुकड्यावर पथकाचे नाव उलटे उतरवून घ्यायचे, अक्षरांभोवतीचा भाग कोरून काढायचा, रुळाने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचे. पहिल्या ठशात जवळपास प्रत्येक मुलाला एक विचित्र गोष्ट दिसते. बारीक रेषा गडद आणि कागदात रुतलेल्या उमटतात, तर मोठा भरीव भाग फिकट आणि ठिपकेदार येतो. मुलांना वाटते शाई कमी पडली. खरे कारण दाबाचे असते: हाताचा जोर तोच असला तरी तो थोड्या क्षेत्रफळावर पडला की दाब वाढतो आणि मोठ्या क्षेत्रफळावर विभागला गेला की घटतो. जुन्या छापखान्यातील कारागीर मशीनवर फर्मा, म्हणजे छापायच्या मजकुराची चौकट, चढवल्यावर भरीव भागाच्या मागे पातळ कागदाचे तुकडे चिकटवून दाब सारखा करत बसत, आणि या कामात कधीकधी प्रत्यक्ष छपाईपेक्षा जास्त वेळ जाई. सातवीच्या पुस्तकातील दाबाचे सूत्र इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

एखाद्या छापखान्यात जुने खिळे, म्हणजे धातूत ओतलेली सुटी अक्षरे, अजून शिल्लक असतील तर ते मुलांना जरूर दाखवावेत. खिळ्यांचा धातू हे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण असते. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. योग्य प्रमाणातील हे मिश्रण मात्र सुमारे २४० अंशांनाच वितळते, म्हणजे ओतकामाला सोपे जाते. शिवाय अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, त्यामुळे अक्षराच्या कडा साच्याबरहुकूम धारदार राहतात. खिळे जुळवून मजकूर तयार करणारा तो जुळारी; रोमन लिपीच्या जुळाऱ्यापेक्षा देवनागरीच्या जुळाऱ्याचे काम कितीतरी अवघड होते. ‘पूर्ती’ हा दोन अक्षरांचा शब्द पाहा: ‘प’च्या खाली ऊकार, ‘त’च्या पुढे वेलांटी, तिच्यावर रफार. ‘डिग्री’ पद्धतीत ही खालवरची चिन्हे वेगळी ओतलेली असत आणि ती अक्षराच्या वर किंवा खाली स्वतंत्र थरात बसवावी लागत. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि चिन्ह एकाच खिळ्यावर असे, पण मग खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढे. ते सारे खिळे कोणत्या खणात आहेत हे जुळाऱ्याच्या बोटांना पाठ असे, आणि तो मजकूर वाचे तो उलटा. शिसे विषारी असल्यामुळे खिळे हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि तेथे काहीही न खाणे हा नियम मात्र कडकपणे पाळावा.

मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटते ते शिळाछापाचे तत्त्व, कारण त्यात पृष्ठभाग सपाट असतो. उंच काही नाही, खोल काही नाही, तरीही शाई बरोबर अक्षरावरच बसते. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात अलॉइस सेनेफेल्डर याने चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने लिहिले, शिळेवर सौम्य आम्ल आणि डिंक यांची प्रक्रिया केली आणि ती पाण्याने ओली ठेवली. कोऱ्या भागाने पाणी धरले, तेलकट भागाने झिडकारले. मग तेलकट शाईचा रूळ फिरवल्यावर शाई ओल्या भागावर बसेना आणि तेलकट भागाला मात्र चिकटली. यासाठी जो डिंक लागतो तो आपल्या बाभळीच्याच कुळातील झाडाचा असतो. मराठीतही छपाईचा आरंभकाळ या शिळेने गाजवला: मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग शिळाछापाचे होते.

हा प्रयोग पथकाला शिळेवाचून करता येतो. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल एका सपाट पत्र्यावर सुरकुती न पडू देता ताणून बसवावी; तिला बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नये, नाहीतर ते ठसेही पुढे छापून येतात. तिच्यावर मेणखडूने किंवा कोरड्या साबणाच्या कडेने चित्र काढावे आणि वरून थोडा वेळ कोला पेय ओतावे. त्यातील फॉस्फरिक आम्ल उघड्या ॲल्युमिनियमवर क्रिया करून तेथे पाणी धरून ठेवणारा थर तयार करते; चित्राखालील धातूपर्यंत ते पोचत नाही. नंतर फॉइल पाण्याने धुऊन चित्र खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसून टाकावे. या टप्प्यावर मुले गोंधळतात, कारण काढलेले चित्र जवळजवळ दिसेनासे होते. आता ओल्या स्पंजाने फॉइल पुसत राहावे आणि तेलाची शाई लावलेला रूळ हलक्या हाताने फिरवावा. दिसेनासे झालेले चित्र दर फेरीगणिक काळे होत वर येते, आणि भोवतालची ओली फॉइल कोरीच राहते. स्पंज फिरवायला उशीर झाला की फॉइल सुकते आणि सगळीकडे शाई धरते. आजच्या ऑफसेट मशीनवरही कारागिराचे निम्मे कसब शाई आणि पाणी यांचा तोल राखण्यातच असते. फरक इतकाच की तेथे ॲल्युमिनियमच्या प्लेटवरील प्रतिमा आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तेथून कागदावर. प्रतिमा दोनदा उलटत असल्यामुळे ऑफसेटच्या प्लेटवर अक्षरे सुलटी दिसतात. छापखान्यात गेल्यावर मुलांनी ही गोष्ट स्वतः ताडून पाहावी.

स्क्रीन छपाईत चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई खाली उतरते. जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारे रसायन पसरून वाळवतात, वर काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म ठेवतात आणि उजेड दाखवतात. उजेड पडलेला भाग पक्का होतो, काळ्या चित्राखालचा भाग पाण्याने धुऊन निघतो आणि तेवढीच छिद्रे मोकळी राहतात. उजेड किती वेळ दाखवायचा, हा प्रश्न मुलांनीच सोडवावा. फिल्मवर पुठ्ठा ठेवून तो दर वीस सेकंदांनी बोटभर मागे सरकवला की एकाच जाळीवर निरनिराळ्या वेळांच्या पट्ट्या तयार होतात. धुतल्यावर कोणती पट्टी वाहून गेली, कोणत्या पट्टीतील बारीक रेषा बुजल्या आणि कोणती नेमकी उतरली हे पाहून वेळ ठरतो. मराठवाड्यातील एप्रिलचे ऊन आणि ऑगस्टचे ढगाळ आकाश यांत हे उत्तर साहजिकच बदलते. जुन्या पद्धतीचे डायक्रोमेटचे रसायन कर्करोगकारक असल्याने ते मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. तयार डायझो किंवा फोटोपॉलिमर मिश्रणे मिळतात, तीच हातमोजे घालून वापरावीत.

झेरॉक्स आणि लेझर छपाईत ठसाही नसतो आणि जाळीही. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर विद्युतभार निर्माण केला, मजकुरावरून प्रकाश पाडून उजळ भागातील भार घालवला आणि उरलेल्या भाराने बारीक पूड ओढून घेतली. जाड प्लास्टिकच्या पत्र्यावर लोकरीच्या तुकड्याने एखादे अक्षर घासून वर टाल्कची पूड भुरभुरावी आणि हलकेच फुंकर मारावी, म्हणजे पूड घासलेल्या जागी टिकून राहते. आपल्या भागातील कोरड्या उन्हाळ्यात हा प्रयोग चांगला साधतो, पावसाळी दमट हवेत भार निघून जातो आणि तो फसतो.

हवेतील ओलाव्याचा खरा हिसका मात्र कागदाला बसतो, आणि छपाई शिकवताना कागदाकडे जे दुर्लक्ष होते ते मला खटकते. कागदाचा तंतू ओलावा घेतो तेव्हा जाडीने पुष्कळ फुगतो, लांबीने मात्र अगदी थोडा. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू यंत्राच्या दिशेने आडवे पडलेले असतात, म्हणून असा कागद एका दिशेने जास्त प्रसरण पावतो. वर्तमानपत्र एका बाजूने फाडले तर सरळ फाटते, दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे, तेही याच कारणाने. छापखान्यात सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के असावी असे मानतात. मे महिन्यातील दुपारी मराठवाड्यात ती २५ टक्क्यांच्याही खाली जाते आणि पावसाळ्यात फार वर चढते. लहान छापखान्यातील एकरंगी ऑफसेटवर चार रंगांचे काम करायचे तर कागद चार वेळा मशीनमधून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक रात्र गेली आणि पाऊस पडला की कागद किंचित वाढतो आणि रंग एकमेकांवर बसत नाहीत. कडेच्या अधिक चिन्हांची निळी आणि लाल रेष एकमेकींपासून सुटलेली दिसते ती यामुळे. तुलनेसाठी दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुऱ्यातील हातकागद पाहावा. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापासूनची तेथील परंपरा सांगितली जाते. चौकट लगद्यात बुडवून हाताने उचललेल्या या कागदात तंतू बरेचसे सर्व दिशांना पसरलेले असतात. त्याची आणि वहीच्या कागदाची एकेक पट्टी ओली करून दोघींची वळण्याची तऱ्हा मुलांना पाहू द्यावी.

रंगीत छायाचित्राचे रहस्य भिंगाखाली उलगडते. निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शायांचे लहानमोठे ठिपके शेजारी आणि एकमेकांवर पडलेले असतात. वर्तमानपत्रात ते इंचाला सुमारे ८५ ते १०० ओळींचे, गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० ओळींचे. चारही रंगांच्या ओळी वेगवेगळ्या कोनांत ठेवतात, नाहीतर ठिपक्यांची नको ती नक्षी डोळ्यांना खुपते.

शेवटी बांधणी. पथकाची १६ पानी पुस्तिका छापायची ठरली की एक मोठा कागद तीन वेळा दुमडून, न कापता, प्रत्येक पानावर १ ते १६ आकडे घालावेत आणि कागद उलगडावा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६, दुसऱ्या बाजूला उरलेले, काही आकडे डोक्यावर उभे. पुस्तिकेच्या शिवणीच्या दोन बाजूंना शेजारी आलेल्या पानांची बेरीज प्रत्येक वेळी १७ येते. प्लेट बनवण्यापूर्वी छापखान्यातही फर्म्यातील, म्हणजे इथे एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या, पानांची जोडी याच बेरजेने तपासता येते, आणि पुस्तिका ३२ पानांची एकात एक घातलेली असेल तर ती बेरीज ३३ होते.