काम सोपवणं

काम सोपवणं, ऑफिसात ज्याला सर्रास डेलिगेशन म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं एखादं काम त्यातले निर्णय घ्यायच्या अधिकारासकट दुसऱ्याच्या हातात देणं. अधिकारासकट हे महत्त्वाचं, कारण काम त्याचं आणि सही माझी असा मामला असेल तर ते सोपवणं नाही, नुसतं राबवून घेणं झालं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काय किंवा ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे, महापे, तुर्भ्याला काय, दोन्ही प्रकार चालतात आणि दुसरा जरा जास्तच चालतो.

कल्पना आपल्याला नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात अमात्याकडे जमाखर्च, सुमंताकडे परराज्यांशी व्यवहार, सचिवाकडे पत्रव्यवहार अशी खाती वाटून दिलेली होती. पुस्तकी मांडणी मात्र हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण इंजिनिअरची, १९१६ सालची. बारावी कॉमर्सवाल्यांनी त्याची १४ तत्त्वं घोकलेली असतात, त्यातली इथे दोनच कामाची: जबाबदारी दिली की तेवढाच अधिकार द्यायचा, आणि एका माणसाला एकच साहेब. दुसरं तत्त्व आता व्हॉट्सॲप ग्रुपने पार मोडीत काढलंय, एकाच पोराला सेल्स, अकाउंट्स आणि मालक तिघंही एकाच वेळी टॅग करतात.

अधिकार न देता काम दिलं की काय होतं ते मी एका पॅकेजिंग युनिटमध्ये बघितलंय. डिस्पॅच तू बघ, असं स्टोअरच्या पोराला सांगितलेलं. शनिवारी माल भरला, चलन फाडलं, टेम्पो गेटवर उभा, पण गेट पासवर सही फक्त मॅनेजरची चालणार आणि मॅनेजर घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये. तीन तास टेम्पोवाला गेटवर चहा पीत बसला, वॉचमन त्याला सोडेना, वर सोमवारी बोलणी कोणी खाल्ली तर त्या पोराने. त्यानंतर तो प्रत्येक गोष्ट विचारूनच करायला लागला आणि मॅनेजर म्हणायचा, ह्यांना इनिशिएटिव्हच नाही.

सोपवताना सांगायच्या गोष्टी फार नाहीत. काय झालेलं पाहिजे, कधीपर्यंत, किती पैशापर्यंत न विचारता खर्च करायचा आणि कुठे अडलं तर थांबून फोन करायचा. कसं करायचं ते नवख्याला दाखवावं लागतं, जुन्याला दाखवलं तर तो चिडतो. मधे एकदा ठरलेल्या वेळी आढावा घेणं वेगळं आणि दर अर्ध्या तासाला 'कुठवर आलं?' टाइप करणं वेगळं. उलटा प्रकारही होतो, माणूस येतो, सर हे जरा बघता का म्हणतो, फाइल टेबलावर ठेवून जातो आणि काम परत साहेबाच्या डोक्यावर. मुरलेला साहेब अशा वेळी फाइलला हात लावत नाही, तू काय करणारेस ते आधी सांग म्हणतो.

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, माथाडी टोळ्यांचं बघण्यासारखं आहे. मुकादम टोळीतलाच, कोण कुठल्या गाडीला लागणार ते तो जागेवर ठरवतो, गाळेवाला डोक्यावर उभा राहत नाही. पैशाचा हिशोब १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळामार्फत, म्हणजे मालकाने मजुरी आणि लेव्ही (पीएफ, बोनस वगैरेसाठी मजुरीवर लागणारा ठरावीक टक्का) मंडळात भरायची आणि तिथून मजुरी कामगाराला मिळायची. कोणाचं काय हे आधीच ठरलेलं.

सगळंच सोपवता येतं असं नाही. कुणाला काढायचं, पगार किती वाढवायचा, कुणाची खाजगी तक्रार, हे दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. आणि काम दिलं म्हणून आपण सुटलो असंही नसतं. १९४८ च्या कारखाने कायद्याने सुरक्षिततेची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात त्याच्यावर टाकली, कंपनी असेल तर डायरेक्टरवर, मग खाली सेफ्टी ऑफिसर कितीही नेमा.

आपल्या भागात खरी परीक्षा गणपतीत होते. ठाणे, कळवा, ऐरोलीतली निम्मी माणसं कोकणात, त्यात साहेबपण. सह्यांचे अधिकार लेखी देऊन गेलेला साहेब आरतीला बसलेला असतो, न देता गेलेला रेंजसाठी घरामागच्या घाटीवर चढून, एका कानात बोट घालून, कुरिअरचं बिल मंजूर करत असतो.