सणांची भाजी आणि मंडईची भाजी

'मोसमातलं खा, जवळ पिकलेलं खा' हा सल्ला आज आहारतज्ज्ञ देतात. मराठी घरांत तो कुणी वेगळा द्यावा लागत नव्हता. कोणत्या महिन्यात काय शिजवायचं हे सणवारच सांगत असत. त्यामुळे कोणती भाजी आपल्याकडे कधी पिकत होती हे शोधायचं झालं, तर सणांच्या स्वयंपाकाइतका जवळचा पुरावा दुसरा नाही.

भाद्रपद शुद्ध पंचमीची ऋषीची भाजी घ्या. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही हा त्या दिवसाचा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद झालं की उरतं ते परसातलं, बांधावरचं, कुंपणावर चढलेलं: अळू, माठ, शिराळं, पडवळ, भेंडी, सुरण, अंबाडे, लाल भोपळा, मक्याचं कणीस. श्रावण-भाद्रपदात नेमकं हेच हाताशी असतं. पुढे पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तेव्हा पातेल्यात वांगी, पावटा, घेवडा, गाजर, ओला हरभरा, उसाचे करवे, बोरं, शेंगदाणे पडतात. वरून तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण थंडीत उष्मांक देणाऱ्या या ताटाला अगदी चपखल बसते.

कांदा-वांग्याचं वेळापत्रक आणखी काटेकोर. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा पोटभर खाऊन घ्यायचा आणि एकादशीपासून चातुर्मास पाळायचा, म्हणजे कांदा-वांगं बंद. वांगं परत येतं ते मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत होऊन. खानदेशात तर या भरिताची सगळी सामग्री त्याच हंगामातली. जळगावकडची हिरवी, कमी बियांची वांगी, भाजायला कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्या, आणि ठेचायला लाकडी बडगी. भाजलेल्या वांग्याला त्या काड्यांच्या धुराचा जो वास लागतो, तो गॅसवर लागत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण या याद्या पहिल्यापासून अशाच होत्या असं समजणं चूक ठरेल. मका, लाल भोपळा, भुईमूग ही मुळात अमेरिका खंडातली पिकं. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपीय लोक त्या खंडात पोहोचले आणि त्यानंतर, बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून, ती आपल्याकडे आली. मिरची, बटाटा, टोमॅटो यांचंही तेच. उपासाच्या ताटात तर बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाण्याचा कंद सगळे परदेशी आहेत, आणि इथलंच असलेलं वांगं मात्र चार महिने बाहेर. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांनी तेराव्या शतकात कांदा-मुळ्यात विठाई पाहिली. त्यांच्या नावावर गायल्या जाणाऱ्या त्या अभंगात मिरचीही येते. तेराव्या शतकात आजची मिरची इथे नव्हतीच. गाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या आपापल्या मळ्यातलं त्यात घातलं असावं, असं मला वाटतं. सणाच्या भाजीचंही तसंच झालं. पीक कुठून आलं हे कुणी विचारलं नाही, या मातीत या दिवसांत येतं का एवढंच पाहिलं. मला या परंपरेचं मोल वाटतं ते याच मोकळेपणासाठी.

हा मेळ सुटला तो मोठ्या बाजारांमुळे. मुंबईत १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं आणि पुण्यात १८८६ साली रे मार्केट. आज दोन्ही महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जातात. तरी तेव्हा भाजी बैलगाडीच्या टप्प्यातून यायची, म्हणजे मोसम पाळला जायचाच. विहिरींवर विजेचे पंप बसले, संकरित बियाणं आलं, रस्ते झाले आणि माल रातोरात शेकडो किलोमीटर जाऊ लागला. १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची घडी बसवली. शेतकऱ्याला उघड लिलाव आणि मापाची हमी मिळावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण घाऊक बाजाराला हवा असतो एकसारखा, टिकाऊ, गाडीभर माल. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची त्यात चालून गेली. टोपलीभर अंबाड्यांना किंवा कवळ्यासारख्या रानभाजीच्या जुडीला तिथे जागा नव्हती. २०१६ साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याला थेट शहरात विकायची वाट त्याने थोडी रुंद झाली.

रानभाज्या या सगळ्याच्या बाहेर राहूनच टिकल्या. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाणे, पालघर, रायगडात कातकरी, ठाकूर, वारली बायका शेवळं घेऊन बसतात. शेवळाला खाज असते, म्हणून त्याच टोपलीत काकडं नावाची आंबट रानफळंही ठेवलेली असतात. शेवळं सोलून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडांचा रस घालून शिजवायचं. हे विकणारीला विचारावं, ती नीट समजावून सांगते. मग टाकळा, फोडशी, भारंगी, कर्टोली ओळीने येतात. कृषी विभागाने २०२० पासून जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या, सुमारास रानभाजी महोत्सव भरवायला सुरुवात केली. त्यामुळे शहरातल्या अनेकांना ही नावं पहिल्यांदा कळली.

आता भोगीच्या भाज्या चिरून, एकत्र करून पाकिटात मिळतात. त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही, निदान ताट तरी चुकत नाही. खरी चिंता बियाणाची आहे. त्या पाकिटातला घेवडा संकरित असला, तर पुढच्या वर्षीचं बी त्यातून धरता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि इतर भाज्यांचे गावठी वाण घरी जपले, 'बायफ' या ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने बियाणं बँक उभी केली आणि ते बी इतर शेतकऱ्यांना वाटलं. त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. परसात, गॅलरीत चार वेल लावायची जागा असेल, तर अशा गावठी घेवड्याचं बी मिळवून आषाढात टोचावं. भोगीपर्यंत शेंगा येतात, आणि चार शेंगा वेलावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षाचं बी घरातच राहतं.