मंत्रालयातली जाळी कुठून आली

मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत मधला चौक मोकळा आहे आणि त्याच्या चारही बाजूंना मजल्यामजल्याचे सज्जे. या चौकावर खालच्या मजल्याच्या पातळीला जाळी ताणलेली आहे. ती का बसली, हे समजायला २०१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जावे लागते.

त्याआधी या इमारतीच्या सुरक्षेची चर्चा आगीभोवती फिरत असे. २१ जून २०१२ च्या आगीत पाच जणांचा जीव गेला, वरचे मजले जळाले आणि पुढची बरीच वर्षे लक्ष अग्निशमन व नूतनीकरणावर राहिले. कठड्यांचा प्रश्न मागेच पडला. राष्ट्रीय बांधकाम संहिता सज्जाला किमान १ मीटर उंचीचा कठडा मागते. चालताना तोल गेला तर माणसाला धरायला ती उंची पुरते. ठरवून कठडा ओलांडणाऱ्याचा विचार त्या नियमात नाही.

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर मंत्रालयातच विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. फेब्रुवारीत एका नागरिकाने पाचव्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. त्यानंतर काही दिवसांतच जाळी बसली.

वाद तिथूनच सुरू होतो. जाळी पडणे थांबवत नाही, पडलेल्याला झेलते, आणि तीही जितकी खाली तितकी धडक मोठी. औद्योगिक सुरक्षा जाळ्यांचे भारतीय मानक १९८४ पासून आहे, पण ते मुख्यतः बांधकाम आणि कारखान्यांच्या कामासाठी. तिथेही जाळी हा दुय्यम उपाय धरतात. आधी कठडा, मग अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा किंवा जाळी. इथे क्रम उलटा झाला. घाईत तोच उपाय हाताशी होता, हे मान्य करावे लागेल, आणि जाळीने जीव वाचवले हेही खरे. पण पुढची काही वर्षे तेवढ्यावरच भागवायला नको होते.

झाले असे की जाळीच आंदोलनाची जागा बनली. ऑगस्ट २०२३ मध्ये अप्पर वर्धा धरणग्रस्तांनी मोबदल्यासाठी तिच्यावर उड्या घेतल्या. ४ ऑक्टोबर २०२४ ला तर खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष आणि काही आदिवासी आमदार तिसऱ्या मजल्यावरून जाळीवर उतरले. मागण्या होत्या पेसा कायद्याखालच्या (आदिवासी क्षेत्रांतल्या) नोकरभरतीच्या आणि धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेऊ नये अशा. सत्ताधारी बाजूच्या लोकप्रतिनिधींनाही ऐकून घ्यावे म्हणून कठडा ओलांडावा लागला, ही बाब जाळीच्या दर्जापेक्षा गंभीर आहे.

२०२३ मधल्या उड्यांनंतर सज्जांना सहज न दिसणारे पोलादी दोर लावण्याचे ठरले आणि अभ्यागताला ज्या मजल्यावर काम आहे तेवढ्याच मजल्याचा पास देण्याचे नियम कडक झाले. दोरांचा उपाय बरोबर दिशेचा आहे, कारण तो पडण्याच्या आधी काम करतो. पासाबद्दल मात्र शंका आहे. धुळ्याहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या माणसाला आपली फाइल कोणत्या मजल्यावर अडकली आहे हेच अनेकदा माहीत नसते, आणि एका टेबलावरून दुसऱ्याकडे पाठवले जाते तेव्हा पासावर तो मजला नसतो.