डिस्क कोटा

डिस्क कोटा : एकाच संगणकावरील साठवणुकीची जागा अनेक जण मिळून वापरत असताना प्रत्येक वापरकर्त्याने किती जागा व्यापावी आणि किती फाइली ठेवाव्यात, यावर ऑपरेटिंग सिस्टीमकडून घातली जाणारी मर्यादा. नागपुरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये किंवा विद्यापीठाच्या विभागात एकाच सर्व्हरवर शेकडो विद्यार्थ्यांची अकाउंट असू शकतात. डिस्क भरली, की ज्याने ती भरली त्याचेच नव्हे तर सर्वांचे काम अडते. उन्हाळी परीक्षेच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी असे घडले, तर ज्याची काहीही चूक नाही अशा विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम सेव्ह होत नाही. कोटा असतो तो अशा विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठी, आणि मर्यादा ठरवताना व्यवस्थापकाने हाच हेतू समोर ठेवला पाहिजे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आज रूढ असलेली पद्धत मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांच्या कामातून आली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत तिचा समावेश होता आणि लिनक्समधील कोटा व्यवस्थेने तिचाच आराखडा स्वीकारला. विंडोजमध्ये एनटीएफएस या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेवर) ही सोय विंडोज २००० पासून मिळू लागली.

या आराखड्यात प्रत्येक वापरकर्त्याला दोन मर्यादा देता येतात. सौम्य मर्यादा ओलांडता येते, मात्र ती ओलांडताच सवलतीची मुदत सुरू होते. लिनक्समध्ये ही मुदत बदलली नसल्यास सात दिवसांची असते. कठोर मर्यादेपलीकडे एकही ब्लॉक (डिस्कवरील जागेचा लहान तुकडा) लिहू दिला जात नाही. सात दिवसांत वापर सौम्य मर्यादेखाली आला नाही, तर तीच मर्यादा कठोर मर्यादेसारखी लागू होते आणि नवे लेखन थांबते. कित्येक ठिकाणी दोन्ही आकडे सारखेच ठेवले जातात. तसे केल्यास या रचनेतील सर्वांत उपयुक्त भागच वाया जातो, कारण वापरकर्त्याला सावध होण्याची संधी मिळण्याआधीच त्याचे काम बंद पडते. सौम्य मर्यादा ५ जीबी आणि कठोर मर्यादा ८ जीबी असेल, तर सबमिशनच्या आठवड्यात विद्यार्थी ७ जीबीपर्यंत जाऊन नंतर आवराआवर करू शकतो.

आकडे भरताना एककाकडे लक्ष द्यावे लागते. लिनक्सच्या ‘एडकोटा’ या आज्ञेत जागेची मर्यादा १,०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजली जाते. ५ जीबीसाठी ५२,४२,८८० हा आकडा येतो. मेगाबाइट समजून नुसते ५,००० लिहिले, तर वापरकर्त्याला जेमतेम ५ एमबी मिळतात. ‘रेपकोटा’ ही आज्ञा सर्वांच्या वापराचा तक्ता देते. त्यात नावाशेजारी दोन खुणा असतात. पहिल्या जागी अधिकचे चिन्ह दिसले तर जागेची आणि दुसऱ्या जागी दिसले तर फाइलसंख्येची सौम्य मर्यादा ओलांडलेली असते. मुदतीच्या रकान्यात ‘नन’ (none, म्हणजे ‘काही नाही’) दिसले, तर ती संपली आहे असे समजावे. घाईत तक्ता वाचणारा त्याचा अर्थ नेमका उलटा लावतो.

फाइलसंख्येची म्हणजे आयनोडची (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीची) मर्यादा बहुतेकदा दुर्लक्षित राहते. एक्स्ट ४ या फाइल सिस्टीममध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. पायथॉन किंवा जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत लायब्ररींच्या हजारो लहान फाइली उतरतात. त्यांनी जागा थोडीच व्यापली तरी सर्व आयनोड संपले, की रिकाम्या दिसणाऱ्या डिस्कवर कोणालाच नवी फाइल करता येत नाही.

वापराची मोजणी फाइलच्या मालकावरून होते; फाइल कोणाच्या डिरेक्टरीत आहे, याला महत्त्व नाही. त्यामुळे मित्राच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइलही स्वतःच्याच खात्यावर चढते. पुसलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवली असेल, तर तो बंद होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. संगणक अचानक बंद पडल्यास ही मोजणी प्रत्यक्षाशी विसंगत होऊ शकते. नागपुरात मे-जूनच्या वादळी पावसात वीज जाणे नवे नाही, म्हणून यूपीएस नसलेल्या लॅबमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवणारा कोटा वापरणे श्रेयस्कर. एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये हा हिशेब फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींतच राहतो. जुन्या पद्धतीत मात्र ‘कोटाचेक’ चालवून संपूर्ण मोजणी पुन्हा करावी लागते.

वैयक्तिक मर्यादा जिथे तोकडी पडते ते क्षेत्र म्हणजे सामूहिक संशोधन. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच असल्याने उपग्रह प्रतिमांवरील अभ्यास येथे सुपरिचित आहे. अशा प्रतिमांची एकेक फाइल शेकडो मेगाबाइटची असते आणि एकाच मार्गदर्शकाकडील पाच विद्यार्थ्यांनी तोच संच आपापल्या होम डिरेक्टरीत उतरवून घेतला, तर पाचपट जागा जाते. अशा वेळी एक्सएफएसमधील प्रकल्प-कोटा कामी येतो. त्यात मालक कोणीही असो, संपूर्ण डिरेक्टरीवर एकच मर्यादा राहते आणि सामायिक प्रत एकदाच ठेवता येते.

सर्वांच्या मर्यादांची बेरीज डिस्कच्या आकाराइतकीच असावी, असा नियम नाही. समजा ४ टीबीच्या डिस्कवर २०० जणांना प्रत्येकी ५० जीबी दिले, तर बेरीज १० टीबी भरते. बहुतेक जण आपला वाटा पूर्ण वापरत नाहीत म्हणून हे चालते, पण मग एकूण वापरावर सतत नजर ठेवण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर येते.

मर्यादा संपल्याची लक्षणे फसवी असू शकतात. ग्राफिकल लॉगिनच्या वेळी होम डिरेक्टरीत एक छोटी फाइल लिहावी लागते; ती लिहिता आली नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही काही मांडण्यांत लॉगिनचाच पडदा पुन्हा समोर येतो. विद्यार्थी पासवर्ड विसरल्याची तक्रार घेऊन जातो आणि लॅब असिस्टंट तो बदलूनही देतो, तरी अडचण कायम राहते. टेक्स्ट टर्मिनलमधून किंवा एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून जोडणी करून) आत शिरून कॅशे (तात्पुरत्या फाइली) आणि डाउनलोड पुसल्यास लॉगिन पूर्ववत होते. झेडएफएस या फाइल सिस्टीमवर मात्र स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतलेले असतील, तर त्यांत धरून ठेवलेली जागा नुसती फाइल पुसून सुटत नाही. डेटासेटच्या (झेडएफएसमधील स्वतंत्र विभागाच्या) साध्या कोट्यात ती मोजली जात राहते. त्यासाठी व्यवस्थापकाला जुने स्नॅपशॉट काढावे लागतात किंवा स्नॅपशॉट न मोजणारा ‘रेफकोटा’ हा प्रकार लावावा लागतो.