पार्श्वभूमी : जुन्या बंदुका, त्यांच्या नकला आणि चोरीनंतरचा कायदा

एखाद्या संग्राहकाच्या घरातून बंदुकांचा संग्रह चोरीला गेल्याची बातमी येते, तेव्हा त्या संग्रहात बहुतेक वेळा दोन प्रकारच्या वस्तू असतात : अस्सल जुन्या बंदुका आणि त्यांच्या नव्याने बनवलेल्या हुबेहूब नकला. भिंतीवर त्या शेजारीशेजारी टांगलेल्या असतात आणि चोर त्या एकत्रच उचलून नेतो. कायदा मात्र त्यांना वेगळे पाडतो, आणि तेही प्रत्येक देशात वेगळ्या निकषावर. चोरीला गेलेल्या कोणत्या वस्तूची नोंद आधीपासून पोलिसांकडे असेल आणि कोणत्या वस्तूची कुठेच नसेल, हे याच निकषांवर ठरते.

तांत्रिक इतिहास इथे थोडक्यातच पुरे. आधी तोड्याची बंदूक (जळत्या वातीने दारू पेटवणारी), मग गारेची (गारगोटीच्या ठिणगीने पेटवणारी), मग टोपीची (स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीवर घाव घालून पेटवणारी), असा क्रम आहे. टोपीच्या बंदुकीचे मूळ १८०७ सालच्या स्फोटक चूर्णाच्या पेटंटात आहे. या तिन्ही प्रकारांत बहुतेक बंदुका ठासणीच्या. दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, तेव्हा कुठे एक बार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस रुळले, १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली आणि बंदूक भरणे हे काही क्षणांचे काम झाले. पुढच्या कायद्यांनी जी निरनिराळी साले धरली, त्यांतली बरीचशी या संक्रमणाच्या आसपासची आहेत.

१९६८ हे साल दोन देशांत महत्त्वाचे ठरले. अमेरिकेच्या संघीय कायद्याने १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक पुरातन ठरवली आणि तिला ‘बंदूक’ या कायदेशीर व्याख्येतूनच वगळले. त्या काळच्या बंदुकीची नक्कलही, ती नेहमीचे काडतूस वापरत नसेल तर, त्याच सवलतीत बसवली. म्हणजे टोपीचे रिव्हॉल्व्हर गेल्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेले असले, तरी संघीय कायद्याच्या लेखी ते पुरातनच. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. याच कायद्याने नव्या बंदुकांवर अनुक्रमांक सक्तीचा केला, पण व्याख्येबाहेर राहिलेल्या वस्तूंना ती सक्ती लागू नव्हती.

नकलांचा धंदा मात्र तोवर चांगलाच जोरात होता. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी (१९६१ ते १९६५) जवळ आली तशी लढायांची पुनर्निर्मिती करणाऱ्या हौशी मंडळींना चालणाऱ्या बंदुका हव्या होत्या, आणि अस्सल बंदुकीने बार काढणे परवडणारे नव्हते. उत्तर इटलीत ब्रेशाजवळच्या व्हाल ट्रोम्पिया खोऱ्यात बंदुका घडवण्याची परंपरा शतकानुशतकांची. तिथल्या कारखान्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नकला बनवायला घेतल्या. अशा नकलेवर इटालियन चाचणीगृहाचा शिक्का असतो, छोट्या चौकटीत वर्षाची सांकेतिक खूण असते आणि काळ्या दारूची चाचणी झाल्याची ‘पी एन’ ही अक्षरे असतात. नक्कल अस्सल म्हणून खपवायची असेल तर याच खुणांवर कानस फिरते आणि मग आम्लाने नळीला जुनाट रंग दिला जातो. नळी तिरप्या उजेडात धरली की घासलेल्या जागेचा सपाटपणा दिसून येतो. चोरीचा माल बाजारात आला की ही तपासणी फार मोलाची असते. दुर्दैवाने ती खरेदीच्या वेळी क्वचितच केली जाते.

ब्रिटनचा प्रवास उलट्या दिशेने झाला, आणि खरा वाद तिथेच आहे. १९६८च्या ब्रिटिश कायद्याने ‘कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू’ म्हणून बाळगलेल्या पुरातन बंदुकीला परवान्यातून सूट दिली, पण पुरातन म्हणजे किती जुनी हे सांगितलेच नाही. अर्धशतक हा प्रश्न न्यायालये प्रकरणागणिक सोडवत राहिली. पुढे सरकारी मार्गदर्शिकेत कालबाह्य काडतुसांची यादी आली. ज्या बंदुकीचे काडतूस आता बाजारात मिळत नाही, ती निरुपद्रवी असा त्यामागचा तर्क होता. हा तर्क लबाडांनी पोखरला. काडतूस विकत मिळत नसले तरी घरी बनवता येते. २०१७ साली एका व्यापाऱ्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. त्याने पुरवलेल्या जुन्या बंदुका आणि घरी भरलेली काडतुसे शंभराहून अधिक गुन्ह्यांच्या ठिकाणांशी जोडली गेली होती.

त्याच वर्षीच्या कायद्याने व्याख्या ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आणि २२ मार्च २०२१ रोजी नवे नियम लागू झाले. बंदूक १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेली हवी आणि तिचे काडतूस किंवा तिची प्रज्वलनपद्धत नियमांतल्या यादीत हवी, असे ठरले. यादीतून सात काडतुसे वगळली गेली. त्यांत पॉइंट ४४ रशियन, पॉइंट ४१ कोल्ट आणि ११ मिलिमीटर फ्रेंच ही संग्राहकांच्या आवडीची काडतुसेही होती. तोवर कायदेशीरपणे भिंतीवर टांगलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी २२ सप्टेंबर २०२१ पर्यंत परवाना घ्या, ते विका किंवा जमा करा, असे मालकांना सांगण्यात आले. प्रामाणिक संग्राहकांना ही शिक्षा वाटली, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. तरीही, गुन्ह्यांत वारंवार सापडणारी काडतुसे यादीत ठेवणे सरकारला शक्य नव्हते. ती काढली हे योग्यच झाले.

माझी तक्रार वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. ब्रिटनमध्ये नव्या नकलेला ही सूट कधीच नव्हती. चालणाऱ्या नकलेला प्रमाणपत्र लागते, तिचा तपशील पोलिसांकडे असतो आणि ती चोरीला गेली तर लगेच कळवणे ही प्रमाणपत्राची अट असते. तिच्या शेजारची दोनशे वर्षांची गारेची बंदूक मात्र कोणत्याही नोंदीत नसते. परवान्यातून सूट देताना ऐच्छिक नोंदणीची सोय करता आली असती. २०२१ साली व्याख्या नव्याने लिहिली जात असताना तशी संधी होती आणि ती वाया गेली. परिणामी चोरी झाल्यावर नकलेचा माग काढायला कागद असतो, आणि जी वस्तू पुन्हा कधीच घडणार नाही तिच्यासाठी मालकाची आठवण, फार तर एखादा फोटो.

इतरत्रही एकवाक्यता नाही. बंदुकांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००१च्या पूरक कराराने (प्रोटोकॉलने) व्याख्या ज्या त्या देशावर सोपवली, पण १८९९ नंतर बनलेली बंदूक कोणत्याही परिस्थितीत पुरातन मानायची नाही, असे बजावले. ब्रिटनची १९३९ ही मर्यादा त्याच्या चाळीस वर्षे पुढे जाते. युरोपीय संघाने २०१७ साली नकलांना नियमांच्या कक्षेत आणले. नकलेला अस्सल वस्तूइतके ऐतिहासिक मोल नाही आणि आधुनिक तंत्राने ती अधिक टिकाऊ व अचूक बनवता येते, हे कारण देण्यात आले.

संग्रहालयांतल्या चोऱ्यांसाठी अमेरिकेने १९९४ साली सांस्कृतिक वारशाच्या चोरीचा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला. त्याचा उपयोग एका गाजलेल्या प्रकरणात झाला. पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज इथून १९७१ साली १७७५ची, घडवणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेली रायफल चोरीला गेली होती. २०१८ साली चोराने ती एका व्यापाऱ्याला विकली. एवढी प्रसिद्ध वस्तू अशी अचानक समोर येईल यावर विश्वास न बसून व्यापाऱ्याला ती आधी नक्कलच वाटली. मूळ चोरीचा खटला भरायला फार उशीर झाला होता, म्हणून चोरीच्या सांस्कृतिक वस्तूची विल्हेवाट लावल्याचा आरोप ठेवला गेला. २०२१ साली कैद झाली ती एका दिवसाची. १९६० आणि ७०च्या दशकांत निरनिराळ्या संग्रहालयांतून गेलेल्या बंदुका, पिस्तुले आणि बंदुकीची दारू ठेवायची शिंगे अशा ५० वस्तू २०२३ साली पाच राज्यांतल्या १७ संस्थांना परत मिळाल्या. खासगी घरातल्या संग्रहाला या कायद्याचा आधार नाही, कारण तो संग्रहालयांपुरताच आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर चोरीच्या बंदुकांची आणि चोरीच्या कलावस्तूंची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी होते. बंदुकांच्या नोंदीत अनुक्रमांकाला महत्त्व असते. कलावस्तूंच्या नोंदीत छायाचित्र, मापे, कोरीव अक्षरे आणि जुन्या दुरुस्तीच्या खुणा लागतात. ही नोंद २०२१पासून मोबाइल अ‍ॅपवरून कुणालाही तपासता येते. अनुक्रमांक नसलेल्या ठासणीच्या बंदुकीसाठी हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी लागणारा तपशील बंदूक ताब्यात असतानाच लिहून ठेवावा लागतो.