कंपवाताच्या रुग्णाला लागलेला जुगाराचा नाद: दोष स्वभावाचा की औषधाचा?

‘कंपवाताचा रुग्ण उतारवयात जुगार किंवा उधळी खरेदी करू लागला, तर तो त्याचा मूळ स्वभावच उघडा पडतो’, असा समज बराच काळ फिरत आहे. पैसे गेल्यावर घरच्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे.

या आजारात मेंदूतील डोपामिन हे हालचालींवर नियंत्रण ठेवणारे रसायन कमी होते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे डोपामिनचे काम करतात. मात्र ती हालचालींपुरती न थांबता सुख आणि बक्षिसाची ओढ निर्माण करणाऱ्या भागांनाही चेतवतात, आणि त्यातून जुगार, खरेदी, अतिखाणे किंवा वाढलेली कामेच्छा आवरेनाशी होऊ शकते. अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या गटातील औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के जणांत असे वर्तन आढळले. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही, आणि औषध हे एकमेव कारणही नव्हे. तरुण वय किंवा कुटुंबातील जुगाराचा इतिहास यांनीही धोका वाढतो.

पडताळणी घरी करता येते. औषधासोबतचे माहितीपत्रक वाचावे. मग औषध सुरू झाल्याची किंवा मात्रा वाढल्याची तारीख बँकेच्या पासबुकातील नोंदींशी ताडून पाहावी. रुग्ण संकोचाने हे लपवतो, म्हणून डॉक्टरांना जोडीदाराने सांगणे अधिक उपयोगी ठरते. मात्रा कमी केल्यावर बहुधा हे वर्तन ओसरते. गोळी मात्र परस्पर बंद करू नये, कारण तीव्र अस्वस्थता, नैराश्य आणि वाढलेला ताठरपणा उद्भवू शकतो.