लोगोची शिरोरेषा पुसट का होते?

(लोगो, सोशल मीडिया पोस्ट आणि एलईडी बोर्डाच्या फाइल आमच्याकडून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

डिझाइन पास करताना लोगो ठसठशीत असतो. तोच लोगो दुकानाच्या वेबसाइटवर टाकला की अक्षरांवरची रेघ राखाडी पडते, नाहीतर चौकटीच्या एकाच बाजूला फिकट कड उमटते. कोल्हापुरात गुजरीतले सराफ, चप्पल लाईनमधले दुकानदार, उद्यमनगरातले कारखानदार, सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. छपाई किंवा मोबाइल खराब आहे असं समजू नका. दोष मापात असतो आणि तो दुरुस्त होतो.

स्क्रीन म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. असा एक चौकोन म्हणजे पिक्सेल, त्याला एका वेळी एकच रंग घेता येतो. रेघ पिक्सेलच्या एका ओळीत नेमकी बसली तर काळीभोर दिसते. दोन ओळींच्या मध्ये पडली तर संगणक दोन्ही ओळी निम्म्या काळ्या करतो, म्हणजे एका पिक्सेलच्या काळ्या रेघेची दोन पिक्सेलची राखाडी रेघ होते. आपल्या लिपीत शिरोरेषा शब्दभर सलग आडवी जाते, त्यामुळे हा दोष मराठी नावात चटकन डोळ्यांवर येतो. फाइल तपासताना आम्ही पहिल्यांदा शिरोरेषाच बघतो. तुम्हीही चित्र १०० टक्के आकारात उघडून तिच्याकडे बघा.

आकार बदलताना

१०८० पिक्सेल रुंदीची पोस्ट ७२० वर आणली की प्रत्येक माप दोन तृतीयांश होतं. ३ पिक्सेलची रेघ २ पिक्सेलची होईल, पण १ पिक्सेलच्या रेघेला पाऊण पिक्सेलसुद्धा उरत नाही. मग ती फिकटते. अशा वेळी शार्पन फिल्टर (कडा ठळक करणारी सोय) लावू नका, त्याने रेघेभोवती पांढरी किनार येते. पीएनजी, म्हणजे पिक्सेलची बनलेली चित्राची फाइल, ओढून मोठी करणं त्याहून वाईट. मूळ व्हेक्टर फाइलमधून (जिच्यात आकार पिक्सेलने नाही, रेषांच्या मापाने साठवलेले असतात) हव्या त्या मापाची वेगळी फाइल काढायची, हाच खरा उपाय.

ती काढताना आम्ही वस्तूंची जागा आणि रुंदी-उंची पूर्णांकात आणतो. रेघेची जाडी तिच्या मार्गाच्या, म्हणजे मधल्या अदृश्य रेषेच्या, दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, म्हणून १ पिक्सेलची रेघ अर्धा पिक्सेल सरकवावी लागते. आर्टबोर्ड, म्हणजे डिझाइनचं पान, अपूर्णांकावर असेल तर १०८० ऐवजी १०८१ पिक्सेलची फाइल निघू शकते. ती कडेची फिकट पट्टी बहुतेक वेळा इथूनच येते. मिलिमीटरमधलं माप हेही एक कारण आहे. ९० मिलिमीटरचं कार्ड ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) जवळपास १०६२.९९ पिक्सेल होतं, तर साडेतीन बाय दोन इंचाचं कार्ड बरोबर १०५० बाय ६००.

जोतिबाच्या यात्रेच्या पोस्टमध्ये गुलाली रंगावर पिवळी अक्षरं असतील तर जेपीजी ही फोटोची फाइल नको. जेपीजीमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, म्हणून अक्षरांच्या कडा पसरतात. पीएनजी वापरा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एलईडी बोर्ड

इथे सगळ्यात जास्त काळजी लागते. बोर्ड छोट्या तयार पट्ट्या, म्हणजे मॉड्यूल, जोडून बनतो. पी-१० जातीचं एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं असतं आणि त्यात ३२ बाय १६ ठिपके असतात. एकाच ओळीत मॉड्यूल लावली तर उंचीला एकूण १६ ठिपके मिळतात. ‘कोल्हापूर’ एवढा एक शब्द घ्या: वर मात्रा, खाली दीर्घ ऊकार, मध्ये जोडाक्षर. आम्ही साधारण वर ४, शिरोरेषेला १, अक्षराला ८ आणि खाली ३ ओळी देतो. मोठा लोगो आपोआप लहान करून यात बसत नाही. ‘ल्हा’ची नुसती गाठ दिसते. म्हणून बोर्डासाठी नाव ठिपका ठिपका मांडूनच काढावं लागतं. त्याला वेळ जातो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला नाव वाचता यायलाच हवं.

नवी फाइल मागताना ती कुठे लावणार आणि तिथे किती पिक्सेल लागतात, एवढं कळवा. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. जुना लोगो असेल तर त्याची मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे सीडीआर, एआय किंवा एसव्हीजी, आणा. बोर्ड अजून बसवला नसेल तर आधी आमच्याकडून नावाची मांडणी करून घ्या आणि मगच मॉड्यूल किती लागतील ते ठरवा.